विद्यानगरची गळकी फियाट

गळती दिसली की गीता वाघमारेला चैन पडत नसे. नळाची असो, छपराची असो, नाहीतर कुणा परक्याच्या गाडीची. बाप श्रीपती बस डेपोत हेड मेकॅनिक. तीस वर्षं त्यानं इंजिनं उघडली आणि मिटली, आणि घरी आल्यावर लेकीला ज्या गोष्टी सांगितल्या त्या राजाराणीच्या नव्हत्या, क्लच-प्लेटच्या होत्या. अशी पोरगी रस्त्यात इंजिन ऑइलचे थेंब बघून गुपचूप पुढं कशी जाईल, तुम्हीच सांगा.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली संध्याकाळ. कामावरून ती नल्लकुंट्याच्या घरी निघाली होती. विद्यानगरच्या वळणावर तिला पहिला थेंब दिसला. मग दुसरा… काळे, ताजे, हात-दोन हात अंतरानं पडत गेलेले. गीतानं लूना बंद केली आणि ती ढकलत थेंबांच्या मागं निघाली. थेंब एका गल्लीत शिरले, निळ्या फाटकातून आत गेले आणि पुण्याच्या नंबरप्लेटच्या एका दुधी फियाटखाली थांबले. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत ऑफिसचे बूट, तेही पॉलिश केलेले.

"आयला, परत…" गाडीखालून मराठी आलं, तेही या तेलुगू मुलखात.

गीताला हसू आवरेना. "खालून काय आवळताय? तेल वरून येतंय."

पाय हलायचे थांबले. मग सगळा माणूस सरपटत बाहेर आला. पंचवीस-सव्वीसचा असेल, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि त्या नाकावर तेलाचा एक काळा फराटा. तो उठून बसला आणि तिच्याकडं बघतच राहिला.

"वरून म्हणजे?"

"म्हणजे थेंब पडतोय चेंबरवरून, तळातल्या तेलाच्या टाकीवरून, पण चेंबरच्या वरपर्यंत सगळं इंजिन ओलं आहे. छप्पर गळतंय आणि तुम्ही फरशी पुसताय."

"चार मेकॅनिकांनी चेंबरचेच बोल्ट आवळले."

"मग चार जण चुकले," गीता म्हणाली. "त्यात काय…"

तो मंदार. पुण्याचा, सिकंदराबादेत एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. गाडी वडिलांची. ते चार वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर ती पुण्यात दारात नुसती उभी होती, म्हणून त्यानं ती इकडं आणली. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. नाकावरच्या फराट्याचं मात्र तिनं त्याला सांगितलं नाही. बरा दिसत होता.

"तुम्ही मेकॅनिक आहात?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न गीताला झोंबायचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा तिनं पहिल्या वर्गात केला होता. देशात नव्या नव्या गाड्या आल्या, त्यांची काचेची, थंडगार सर्व्हिस सेंटरं निघाली, आणि त्यातल्या एकात तिला नोकरीही लागली… काउंटरवर. गळ्यात निळा स्कार्फ, हातात पेन, आणि ओठांवर दिवसभर हसू. गाड्या तिच्या डोळ्यांदेखत आत जायच्या, दुरुस्त होऊन बाहेर यायच्या आणि तिला पान्याला हातसुद्धा लावता यायचा नाही. तिच्या हातांची नुसती चुळबुळ व्हायची.

"आहे," ती म्हणाली. "कुणी करू देत नाही, एवढंच."

"मग इथं करा ना," मंदार म्हणाला. "मला महिनाअखेरीला पुण्याला जायचंय. कंपनीची तिथं शाखा निघतेय, बोलावलंय मला. गाडीनंच जाईन म्हणतो. पाचशे साठ किलोमीटर… अशी गळत गेली तर जहीराबादलाच बसेल."

म्हणजे तिनं गाडी नीट करायची, आणि ती नीट झाली की तो जाणार. त्या दिवशी गीताला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाली, "बॉनेट उघडा."

आता खरं सांगायचं तर हे काम एका दिवसाचं होतं. गीतानं त्याला दहा दिवस लावले. काम वाईट केलं नाही हं, श्रीपती उस्तादाच्या लेकीकडून ते होणं नाही. तिनं ते फक्त… सावकाश केलं.

पहिला दिवस नुसता साफसफाईत गेला. घासलेटात ब्रश बुडवून तिनं इंजिनाचा मळ खरवडून काढला. शेजारी व्हरांड्यात घरमालकीण पद्मावतीअम्मा चिंच सोलत बसल्या होत्या. दोघं तरुण माणसं एका बॉनेटखाली डोकी घालून उभी आहेत म्हटल्यावर रोज चिंच सोलायला काढणं त्यांना भागच होतं.

दुसऱ्या दिवशी गीतानं विचारलं, "अंगाला लावायची पावडर आहे?"

मंदार गोंधळला. "मला… वास येतोय का?"

"तुम्हाला नाही, गाडीला लावायचीय."

त्यानं वरून डबा आणला. गीतानं कोरड्या इंजिनावर पांढरीशुभ्र पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू करायला लावलं. दोघं वाकून बघत राहिले. गुलाबाचा वास, गरम लोखंडाचा वास, आणि त्याच्या शर्टाचा, घासलेटाचा… चौथ्या मिनिटाला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या कडेखालून पावडरीत एक बारीक काळी रेघ उतरू लागली. सरळ खाली, चेंबरपर्यंत.

"हे बघा," गीता हळूच म्हणाली. "इथून निघतंय. चौघांना तिथं दिसलं, म्हणून चौघांनी तिथं आवळलं."

मंदार रेघेकडं बघत नव्हता. गीतानं मान वळवली तेव्हा त्यानं चष्मा पुसायला काढला. चष्मा स्वच्छच होता.

झाकणाखालचं कॉर्कचं गॅस्केट वाळून पापडासारखं झालं होतं. नवा कॉर्क आणायला गौलीगुड्याच्या सुट्या भागांच्या बाजारात जायचं ठरलं. फियाट उघडी पडलेली, तेव्हा लूनाच. पुढं गीता, मागं गुडघे वर घेऊन बसलेला सहा फुटी मंदार. बघणारे हसत होते. चौकात एक बस अशी काही अंगावर आली की मंदार ओरडला, "अगं हळू चालव."

'तुम्ही'वरून 'तू'वर गाडी घसरली होती आणि ती मागं घ्यायची कुणाची तयारी नव्हती. "भिऊ नको," गीता जरा वेळानं म्हणाली, आणि आरशात तिला त्याचे कान लाल झालेले दिसले.

दुकानदार तिला लहानपणापासून ओळखायचा. कॉर्कची शीट काढता काढता त्यानं मंदारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ये कौन है, अम्मा?"

"नया शागिर्द है," गीता म्हणाली.

"सीखता क्या बराबर?"

"अभी नक्को पूछो चाचा, हम भी परेशान हैं."

शागिर्द मात्र मन लावून शिकत होता. कॉर्क कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचा, झाकण त्यावर ठेवून पेन्सिलीनं कड काढायची, नव्या ब्लेडनं एका दमात कापायचं. नट कसे बसवायचे तेही तिनं शिकवलं. आळीपाळीनं, थोडे थोडे. "बाबा म्हणतात, हातानं बसव आणि पान्यानं नुसतं विचार. कॉर्कला जोर सोसत नाही."

"आणि कळणार कसं, पुरे झालं ते?"

"हाताला कळतं." तिनं त्याचं बोट पान्यावर ठेवलं, त्यावर स्वतःचं ठेवलं आणि पाव फेरा दिला. "हे… इथं थांबायचं."

तो थांबला. तीही थांबली. व्हरांड्यातून पद्मावतीअम्मा दोनदा खाकरल्या, तेव्हा कुठं हात सुटले.

तो गुरुवार होता. झाकण बसवलं, आता दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, मुरू द्यायचं, शनिवारी इंजिन चालवून बघायचं आणि रविवारी खुद्द श्रीपती वाघमारे काम तपासायला येणार. गीतानं घरी इतकी बढाई मारली होती की बाप म्हणाला होता, बघू तर खरं. शुक्रवारी मंदार तिला सोडायला नल्लकुंट्यापर्यंत चालत आला, तेव्हा दारातच श्रीपतीनं त्याच्यासमोर लेकीला ऐकवलं, "एक थेंब जरी दिसला ना पोरी, तर पान्याचं नाव काढू नको. तुझं काउंटरच बरं."

बाप थट्टेत बोलला. गीता हसली. मंदार हसला नाही.

त्या रात्रीपासून गीताच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. गाडी तर झाली. उद्या इंजिन चालेल, कोरडं राहील, आणि हा जाईल. महिना संपायला नऊ दिवस. आपल्याच हातानं आपण त्याची वाट मोकळी करून दिली की. त्यानं जाऊ नये असं तिला वाटत होतं, इतकं वाटत होतं की घास गिळवत नव्हता, आणि ते सांगायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं तरी काही बोलावं… पण तो नुसता चष्मा पुसायचा. शनिवारी काउंटरवर तिनं एका डॉक्टरांच्या गाडीच्या कागदावर मंदारचं नाव लिहिलं आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी ती विद्यानगरला पोचली. मंदार अजून ऑफिसातून यायचा होता. किल्ली पद्मावतीअम्मांकडं होती. तिनं इंजिन चालू केलं, बॉनेट वर केलं आणि बघत उभी राहिली.

पाचव्या मिनिटाला झाकणाच्या कडेखालून तेलाची रेघ उतरली.

गीताचा विश्वास बसेना. तिनं बोट लावून पाहिलं. तेलच. कॉर्क तिनं कापला होता, नट तिनं बसवले होते, त्यात खोट नव्हती हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकत होती. म्हणजे मागाहून कुणीतरी हात लावला होता. कुणी? दुसरं कोण लावणार…

आणि एकदम तिच्या लक्षात आलं. यानंच नट सैल केले. जायला नको म्हणून. तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लबाडानं गाडीच गळती ठेवली. गीताचा चेहरा फुलला. खरं तर राग यायला हवा होता तिला, आपल्या कामाची नासाडी झाली म्हणून. पण ती आपली एकटीच हसत होती आणि पद्मावतीअम्मा चिंच विसरून तिच्याकडं बघत होत्या.

इंजिन बंद करून तिनं पहिला नट बोटांनी फिरवायला घेतला. सैलच असणार.

हलेना.

दुसरा. तोही हलेना. पाना लावला, जोर लावला, तेव्हा कुठं कुरकुरत सुटला. तिनं झाकण उचललं. कॉर्क चिरडून, लाटताना फुटलेल्या पोळीतल्या पुरणासारखा कडेनं बाहेर आला होता. सैल करणं दूरच, अंगातली सगळी ताकद लावून कुणीतरी आवळले होते ते.

गीताचं हसू जागच्या जागी विरलं. म्हणजे याला जायची एवढी घाई. रस्त्यात गळू नये म्हणून आपल्या शब्दावरही भरवसा नाही ठेवला. आपण मूर्ख, आपण नाही ते मनात आणलं. डोळे भरून आले तसे तिनं ते मनगटानं पुसले, म्हणून कपाळाला काळं लागलं, आणि नेमका त्याच वेळी मंदार फाटकातून आत आला.

"काय झालं?"

"हे तू आवळलंस?"

त्यानं झाकणाकडं पाहिलं, मग खाली मान घातली. "हो."

"मी सांगितलं होतं ना, कॉर्कला जोर सोसत नाही म्हणून? इतकी घाई होती जायची तर मला बोलवायचं कशाला? ट्रकवर टाकून न्यायची गाडी." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं तू सैल केलेस. सैल… माझं डोकंच ठिकाणावर नाही."

मंदारनं मान वर केली. "मी सैल कशाला करीन?"

"कशाला म्हणजे? जायला नको म्हणून!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कानकोंडं झालं. लाज वाटली, पण शब्द काही परत गिळता येईनात. पद्मावतीअम्मांना मराठी येत नव्हतं, तरी त्या उठून आत गेल्या.

"गीता," तो म्हणाला. "काल तुझे बाबा म्हणाले ना, एक थेंब दिसला तर पान्याचं नाव काढू नको. तेव्हापासून मला झोप नाही. वाटलं, एखादा नट राहिला असेल तर? तर तुझं… म्हणून रात्री घरी आल्याबरोबर अर्धा फेरा दिला. आज सकाळी वाटलं, अजून अर्धा. मग ऑफिसला जाता जाता…" त्यानं चष्मा काढला. "मला कळलंच नाही कुठं थांबायचं ते. हात तुझा होता तेव्हा कळत होतं."

गीतानं हातातला पाना खाली ठेवला. पण त्यानं अजून एक गोष्ट सांगायची ठेवली होती.

"आणि पुण्याची नोकरी मी मंगळवारीच नको म्हणून कळवली. इथंच राहणार आहे मी."

"मग गाडी कशाला हवी आहे नीट?"

"पुण्याला जायचंय ना. आईला सांगायला."

"काय सांगायला?"

"आता हेही मीच सांगायचं?"

"हौ," गीता म्हणाली. "तूच सांगायचं."

त्यानं सांगितलं. कसं, ते त्यालाही नंतर आठवेना. मध्ये दोनदा थांबला, एकदा चष्मा हातातून पडला. पण शब्द स्पष्ट होते आणि गीताला ते पुरले. तिनं ते पुन्हा एकदा म्हणायला लावले.

मग ती गंभीर झाली. "आम्ही बौद्ध आहोत, मंदार. उदगीरकडचे. माझा आजा लोकांची लाकडं फोडायचा. हे आईला फोनवर सांगितलंस?"

"फोनवर सांगितलं तर ती फोन ठेवेल. समोर बसून सांगितलं तर जाईल कुठं?"

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मी परत येईन," तो म्हणाला. "एकटा. पण येईन."

दुसऱ्या दिवशी श्रीपती वाघमारे आले तेव्हा झाकणाखाली सकाळी कापलेला नवा कॉर्क होता; दोन दिवस मुरायची गरज कॉर्कला कधी नव्हतीच. अर्धा तास इंजिन चाललं. त्यांनी कडेनं बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, धोतराला पुसायची गरज पडली नाही. लेकीकडं बघून नुसती मान हलवली. ती मान हलवणं गीतानं आयुष्यात तीनदा पाहिलं होतं.

मग मंदार त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं गीताला मागणी घातली.

श्रीपतींनी बॉनेट खाली केलं. "जा तुम्ही," मग म्हणाले. "आईला सांगा. खरं सांगा, आम्ही कोण, कुठले, काय. काही झाकू नका, काही गोड करू नका. पण एक ध्यानात ठेवा. माझी लेक मी कुणाच्या दारात पसंतीला उभी करणार नाही. त्यांना बघायचं असलं तर त्यांनी इथं यावं, माझ्या घरी, आणि आम्हीही त्यांना बघू."

"बरोबर आहे," मंदार म्हणाला.

"बरोबर आहेच," श्रीपती म्हणाले.

बुधवारी पहाटे तो निघाला. रविवारी परत येतो म्हणाला. ते चार दिवस गीतानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. शुक्रवारी पद्मावतीअम्मांकडं त्याचा फोन आला, लाइन इतकी खराब की "बोलणं चाललंय" एवढंच कळलं. चाललंय म्हणजे काय? भांडण चाललंय, की रडणं? ती आईला, सखूबाईंना, विचारी. सखूबाई म्हणत, मला काय ठाऊक बाई, मी काय पुण्याला गेले होते? भाजीत दोनदा मीठ पडलं. काउंटरवरचं हसू तर कधीच उडालं होतं.

रविवारी सकाळपासून ती दारात. बारा वाजले. दोन वाजले. श्रीपती पेपर वाचत होते, एकच पान. चार वाजता गीतानं ठरवलं, नाही येत. आई नाही म्हणाली, आणि एकट्यानं परत यायचा धीर त्याला झाला नाही. एवढाच तो. ठीक आहे. ती आत जाऊन भांडी घासायला बसली, घासलेलीच.

पाच वाजता तिला गल्लीत इंजिनाचा आवाज आला. तो आवाज तिनं हजारांत ओळखला असता. हात तसेच राखेनं भरलेले घेऊन ती दारात आली.

फियाट धुळीनं माखलेली होती. मंदार उतरला, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले, आणि तिच्याकडं बघून काही न बोलता वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या, ताठ मानेच्या एक बाई कमरेवर हात ठेवत हळूहळू उतरल्या. मंदारची आई, उषाताई. श्रीपती पेपर ठेवून उभे राहिले. गल्लीतली दोन-चार दारंही उघडली.

उषाताईंनी घराकडं पाहिलं, मग गीताकडं, तिच्या राखेनं भरलेल्या हातांकडं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"गीता ती तूच?"

"हो."

"सोलापूर येईपर्यंत मी याच्याशी एक शब्द बोलले नाही," त्या म्हणाल्या. "हा मात्र बोलतच होता. खोटं नाही सांगत मुली, माझ्या मनात अजून पन्नास शंका आहेत. पण उमरग्याला माझ्या लक्षात आलं, त्या याला विचारून उपयोग नाही. हा सगळ्याला एकच उत्तर देतो. म्हणून म्हटलं, तुलाच विचारावं."

गीतानं ओढणीला हात पुसले. मान तिनं खाली घातली नाही. मंदारकडं पाहिलं नाही, बापाकडंही पाहिलं नाही.

"विचारा," ती म्हणाली. "पण आत बसून. लांबून आलात तुम्ही." आणि पुढं होऊन तिनं उषाताईंच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी ती दिली.